पाऊस जो आहे तो

सातच्या बातम्या लागल्या की बाबा दोन वाट्या घेऊन टीव्हीसमोर बसतात. एकीत भाजलेले शेंगदाणे, दुसरी रिकामी. वार्ताहर ‘जो आहे तो’ म्हणाला की एक दाणा रिकाम्या वाटीत जातो. शेवटी त्या वाटीतले दाणे बाबांचे, उरलेले आईचे. पावसाळ्यात आईच्या वाट्याला फारसं काही येत नाही.

‘पाऊस जो आहे तो सकाळपासून सुरू आहे. वाहतूक जी आहे ती ठप्प झालेली आहे. नागरिक जे आहेत ते घराबाहेर पडलेले नाहीत.’ तीन वाक्यं, तीन दाणे. नवल म्हणजे लिंग-वचन कधी चुकत नाही. भर पावसात, कानात स्टुडिओतला माणूस बोलत असतानाही ‘गाड्या ज्या आहेत त्या’ अगदी बरोबर. व्याकरण पक्कं आहे, पुढचा शब्द तेवढा अजून यायचा असतो, आणि तो येईपर्यंत जीभ रिकामी ठेवायची नसते.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. त्यांची सगळी नोकरी माईकसमोर गेली. ‘सातारा, कराड, कोल्हापूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे’, एवढंच, दोनदा. “गाडी जी आहे ती, असं बोलत बसलो असतो तर गाडी सुटली असती,” असं ते म्हणतात.

माझी चिडचिड वेगळ्या कारणाने होते. जो-तो ही आपल्या भाषेतली भारी जोडी आहे. ‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’, ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’, अर्ध्या म्हणी तिच्यावर उभ्या. ज्ञानदेवांनी ‘जो जे वांछील तो ते लाहो’ म्हणताना तर दोन जोड्या एकमेकींत गुंफून साऱ्या प्राणिजाताच्या इच्छा एका ओळीत बसवल्या. तिथे ‘जो’ला काम आहे, तो कुणाला तरी निवडून काढतो. ‘पाऊस जो आहे तो’मध्ये काय निवडायचं? जो नाही तो पाऊस कुठला?

भाषणांची तऱ्हा निराळी. आमच्या सोसायटीच्या झेंडावंदनाला एक वाक्य दर वर्षी ठरलेलं असतं: ‘मी या ठिकाणी आपणा सर्वांचं या ठिकाणी स्वागत करतो.’ पुढे लगेच ‘मला कुठेतरी असं वाटतं’. एकाच माणसाला आपण या ठिकाणी आहोत हे पक्कं ठाऊक, आणि वाटतंय ते मात्र कुठेतरी. त्यावर आम्ही वाट्या नेत नाही, पेढ्यासाठी हात मोकळे लागतात.

उच्चारांवर पूर्वी मी फार तुटून पडायचो. आता ‘आनि’, ‘पानी’ ऐकून काही होत नाही. ती चूक नव्हे, त्या त्या घरची बोली आहे, आणि तिला हसणाऱ्यांचाच मला जास्त राग येतो. जाहिरातीतली चटणी मात्र अजून खटकते. हिंदीवरून उचललेल्या त्या मराठीत तिचा ‘च’ चिमट्यातला असतो. आपली लिपी दोन्ही ‘च’ एकाच अक्षरात लिहिते, ‘ज’चंही तसंच. पाण्याचा जग आणि हे सारं जग, कागदावर सारखेच. फरक फक्त कानाला कळतो, म्हणून तो घरात ऐकलेला असावा लागतो. न ऐकलेल्याला दोष तरी काय द्यायचा? तरी खटकते.

परवा नदीकाठावरून थेट बातमी चालू होती. वार्ताहर पोरसवदा, हातात छत्री, मागे गढूळ पाणी. ‘पाण्याची पातळी जी आहे ती’, एक दाणा. ‘प्रशासन जे आहे ते’, दुसरा. इतक्यात वाऱ्याने छत्री उलटी झाली, मागून लोंढा आला, कॅमेरा हलला आणि तो ओरडला, “ए, मागे हो! पाणी वाढलंय! पायऱ्या सोड, वर चढ!”

बाबांचा दाणा धरलेला हात दोन वाट्यांच्या मध्येच थांबला. पोरगं वर पोचलं, धापा टाकत पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं, तेव्हा त्यांनी तो दाणा आईच्या वाटीत परत टाकला.

मग पोरगं म्हणालं, “तर परिस्थिती जी आहे ती…”

आईने स्वतःच तो दाणा उचलला आणि त्यांच्या वाटीत ठेवला.