आमची वाटचाल: आधी स्पार्क, मग पार्ट

दोघांनी सुरू केलेलं वर्कशॉप आता पाच जणांचं झालंय, आणि काम एकच, जुन्या पॉइंटवाल्या गाड्यांचं इग्निशन, म्हणजे स्पार्क देणारी यंत्रणा (पॉइंट म्हणजे स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क). सुरुवातीला डेंटिंगपासून ब्रेकपर्यंत मिळेल ते करायचो.

बदललो ते एका गाडीमुळे. एकसारख्या स्पीडला मस्त चालायची पण ॲक्सिलरेटर दाबला की झटके. आम्ही प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा खोलला, तरी तीनदा परत आली. मालक चिडले नाहीत, फक्त विचारलं, "तुम्ही फॉल्ट शोधताय की नुसते पार्ट बदलताय?" ते फार लागलं मनाला.

चौथ्यांदा डेल्कोची, म्हणजे प्लगना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप काढली, मीटर लावला आणि आतली, पॉइंट बसवलेली प्लेट हाताने फिरवत बसलो, तर मध्येच अर्थिंग गायब! त्या प्लेटला अर्थ देणारी छोटी वायर असते, ॲक्सिलरेटर कमीजास्त झाला की इंजिनचा व्हॅक्यूम (हवेची ओढ) प्लेटला हलवतो आणि वायर दरवेळी थोडी वाकते, वर्षानुवर्षं वाकून आतली तार तुटलेली पण वरचं कव्हर शाबूत, त्यामुळे नुसतं बघून काहीच कळत नाही. वायर बदलली, गाडी सुधारली. आधी लावलेल्या पार्टचे पैसे आम्ही परत केले.

(डिस्ट्रिब्युटरला आपण सर्रास डेल्को म्हणतो ना, ते मुळात कंपनीचं नाव. १९०९ मध्ये चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्सनी काढलेली. पॉइंट-कॉइलचं हे इग्निशन केटरिंगच्याच नावाने ओळखतात.)

त्या दिवसापासून रजिस्टर ठेवलं. गाडी नेमकी कधी बंद पडते हे मालकाच्या शब्दात लिहून घ्यायचं, कारण अर्धं उत्तर तिथेच असतं. सेल्फ मारताना सुरू होते आणि चावी सोडली की बंद? मग बहुतेक बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला जाणारा करंट कमी करणारा) गेलाय, सेल्फच्या वेळी करंट त्याला टाळून थेट कॉइलला जातो म्हणून तेवढ्यापुरती चालते. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाली की सुरू होते? इथे कॉइल, कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा) आणि पेट्रोलचा व्हेपर लॉक (उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं), तिघांची लक्षणं सारखीच वाटतात, म्हणून बंद पडल्या क्षणी स्पार्क बघायचा, नंतर नाही. स्पार्क निळा आणि जोरदार असेल तर पेट्रोलकडे वळायचं. पॉइंट मिटलेले असताना इग्निशन ऑन करून त्यांच्यावरचा व्होल्टेज ड्रॉप घ्यायचा, ०.२ व्होल्टच्या वर गेला तर पॉइंट घाण आहेत किंवा अर्थ खराब.

कॉइलबद्दल मात्र मी हट्टी आहे. बॅलास्टवाली साधारण १.५ ओहम, साधी ३ ओहमच्या आसपास. दिसायला सारख्याच असतात, पण बॅलास्ट नसलेल्या गाडीला १.५ ची लावली तर कॉइल तापते आणि पॉइंट लवकर जळतात, त्यामुळे मोजल्याशिवाय आमच्याकडे कॉइल बसत नाही. आणि जुना कंडेन्सर चांगला चालत असेल तर काढू नका हो, नवे काही तर डब्यातूनच खराब निघालेले आम्ही पाहिलेत.

ती पहिली गाडी अजून येते. मागच्या खेपेला रोटर बदलला, पॉइंटचा गॅप फिलर गेजने ०.३८ मिमीला सेट केला, आणि ती छोटी वायर मी स्वतः वाकवून मीटरवर बघितली.