सेकंडहँड जर्मन सेडान आणि सोलापूरचं ऊन

चाळीस-पंचेचाळीस लाखांची जर्मन सेडान सात-आठ वर्षांनी पंधरा-सोळा लाखाला मिळते, आणि हा आकडा एकदा डोक्यात बसला की माणूस रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर जाहिराती स्क्रोल करत बसतो, बायको विचारते काय चाललंय तर म्हणतो काही नाही, बातम्या बघतोय. कागदावर हिशोब बरोबरच वाटतो म्हणा. तेवढ्या पैशात आज क्रेटाचं टॉप मॉडेलसुद्धा येत नाही, आणि इकडे १९०-२०० हॉर्सपॉवर, मागची चाकं ओढणारी गाडी, आठ गियरचा ऑटोमॅटिक आणि दार लावल्यावर येणारा तो धप्प आवाज.

मी घेतली अशी एक, पुण्याहून. कंपनी कुठली ते नाही सांगत, नाहीतर उरलेल्या दोन कंपन्यांचे भक्त भांडायला येतात. आता घरात मावसभावाचं डोकं फिरलंय, मित्र पण विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

पहिली गोष्ट, गाडीची किंमत पडते, पार्टची पडत नाही. गाडी पंधरा लाखाला घेतली तरी तिचा हेडलाइट पंचेचाळीस लाखाच्याच गाडीचा असतो. एलईडी हेडलाइट एका बाजूचा बदलायचा म्हटला तर बिल लाखाच्या पुढं जातं, आणि आपल्या होटगी रोडला कोणी रिक्षावाला मागं न बघता यू-टर्न मारतो तेव्हा त्याला हे माहीत नसतं. त्यात जुन्या गाडीला झिरो डेप (पार्टची झीज न कापणारा विमा) मिळायची मारामार, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबरच्या पार्टवर ५० टक्के कापतात, म्हणजे बंपर फुटला की निम्मा आपल्या खिशातून. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता मात्र फार नाही, १५०० सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना २०२२ पासून ७,८९७ रुपये, मग ती इनोव्हा असो की मर्सिडीज. हत्ती घेताना नाही, पोसताना कळतो, आमचे बाबा एवढंच म्हणाले आणि परत पेपर वाचायला लागले.

दुसरी गोष्ट ऊन. यूट्यूबवरची पोरं बंगळुरूत बसून रिव्ह्यू करतात, त्यांना मे महिन्यात सात रस्त्याला सिग्नलवर ४३ डिग्रीत उभं राहायचं नसतं. या गाड्यांचं कूलिंग बऱ्यापैकी प्लास्टिकवर चालतं, कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, पाइपांचे जॉइंट, सगळं वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन कडक होतं आणि एक दिवस चीर पडते. म्हणून बॉनेट उघडून मी आधी कूलंटची टाकी बघतो. ती पिवळी-तपकिरी पडलेली असेल आणि जॉइंटला गुलाबी किंवा निळसर सुकलेले डाग असतील तर गाडी कितीही चकचकीत असू दे, भाव तिथंच पाडायचा. सनरूफचं रबर आणि एसी भर दुपारीच चेक करा, संध्याकाळी सातला सगळ्यांचेच एसी थंड लागतात.

डिझेल की पेट्रोल हा प्रश्न तर रोज. बीएस-६ हा धुराचा नियम आला १ एप्रिल २०२० ला, त्यानंतरच्या डिझेलमध्ये डीपीएफ असतोच आणि त्याआधीच्याही काही गाड्यांत होता. हा फिल्टर काजळी धरतो आणि ती जाळायला इंजिन चांगलं तापून गाडी हायवेला काही वेळ सलग पळावी लागते. आता तुम्ही जुळे सोलापूरहून नवी पेठ आणि परत एवढंच करणार असाल तर ती काजळी जळणार कधी? मग लाइट लागतो, गाडी पॉवर काढून घेते आणि तुम्ही मेस्त्रीच्या दारात. मावसभावाला मी स्पष्ट सांगितलं, बाबा रे तुझं दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, तू पेट्रोल बघ. माझं दर आठवड्याला पुणे होतं त्यामुळं मला डिझेल परवडतं, अडीचशे किलोमीटर एकदम मोकळी पळते.

आणि खरं सांगू का, पैसे वसूल होतात ते तिथंच. टेंभुर्णी सोडली, रस्ता मोकळा मिळाला की गाडी अशी काही बसते रस्त्यावर की स्पीडकडं बघावंच लागतं, नाहीतर कॅमेरा बघतोच. भिगवणला थांबून मासे खाल्ले तरी पुण्याला पोचल्यावर पाठ दुखत नाही. आईला गुडघ्याचा त्रास, ती आधीच्या गाडीतून उतरली की पाच मिनिटं धरून उभी राहायची, आता तुळजापूरला जाऊन येते आणि उतरून सरळ स्वयंपाकघरात. फक्त बसताना खाली वाकावं लागतं त्यावर तिची कुरकुर असते. या एका गोष्टीसाठी मी सर्व्हिसचं बिल हसत भरतो (हसत म्हणजे, भरतो).

आता गाडी बघायला गेल्यावर काय करायचं. प्रत्येक डीलरकडं प्रत्येक गाडी 'डॉक्टरची, सिंगल ओनर' असते, एवढे डॉक्टर महाराष्ट्रात आहेत हे मला तेव्हाच कळलं. मी एक गाडी बघितली होती, मीटरवर चाळीस हजारच्या आसपास, टायर नवेकोरे, पॉलिश मारून आरशासारखी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. तिचे टायर अगदी ताजे. चाळीस हजारात चारही टायर बदलले का, असं विचारलं तर म्हणे साहेब, मालक हौशी होते. मग ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघितली, चामडं घासून पांढरं पडलेलं, ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत आणि स्टेअरिंगला डाव्या बाजूला चकाकी. चाळीस हजारात असं होत नाही. मी चहा पिऊन निघालो.

किलोमीटर फक्त मीटरमध्ये नसतात हे लक्षात ठेवा. या गाड्यांत बाकीच्या कंट्रोल युनिटमध्येही आकडा राहतो, बीएमडब्ल्यूच्या तर चावीतसुद्धा. आकडा पाडणारा बहुतेक वेळा मीटरमधला पाडतो आणि बाकीचं विसरतो. म्हणून हजारातला साधा स्कॅनर नको, त्या कंपनीच्या गाड्या रोज उघडणारा स्वतंत्र गॅरेजवाला पुण्यात शोधायचा, पैसे देऊन गाडी लिफ्टवर घ्यायची आणि सगळी कंट्रोल युनिट स्कॅन करायची. डीलर नाही म्हणाला तर विषय संपला. गियरबॉक्सचं ऑइल कधी बदललं तेही विचारा. "लाइफटाइम ऑइल आहे" असं उत्तर येईल, पण आठ गियरचा तो बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या आत बदलायला सांगते.

पुरातली गाडी हा वेगळाच विषय. आपल्याकडं पूर्वी हे कोणी विचारायचं नाही, पूर म्हणजे सांगली-कोल्हापूरचं काम, पण २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीनं दाखवलं ना काय असतं ते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, धुतलेल्या गाडीतही बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची रेघ सापडते. डिकीचं कार्पेट उचलून खाली हात फिरवा, कारण बऱ्याच जर्मन गाड्यांची बॅटरी मागं असते आणि पाणी साचतं तेही तिथंच.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त का मिळायच्या, तर तिथं दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली होती आणि मालकांना त्या काढायच्या असायच्या. पण दुसऱ्या राज्यातली गाडी आणली की एनओसी आणि आपल्याकडचा रोड टॅक्स नव्यानं भरायचा, हे धरलं तर स्वस्ताई बरीचशी तिथंच उडते, वर आरटीओचे हेलपाटे. पुण्या-मुंबईचीच बघा.

घेतल्यावर लोक काय म्हणतात त्याची तयारी पण ठेवा. पार्क चौकात मित्र भेटला, "काय बे, लॉटरी लागली का?" पाव्हण्यांत तर बातमी अशी पसरली की मी कारखान्यात भागीदार झालोय. लग्नसराईत फोन, नवरदेवाला फक्त दोन तास द्या हो, डिझेल आम्ही टाकतो. टाका की, पण गतिरोधकावर खालून घासली तर ते कोण टाकणार? आमच्या गल्लीच्या तोंडाला जो एक आहे तो महापालिकेनं नाही, रागात कोणीतरी बांधलाय, त्यावर मी तिरकी घेऊनच चढवतो. आणि स्टेपनी आहे का तेही आधी बघा, काही गाड्यांत रनफ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर पळणारे) असतात आणि स्टेपनीच नसते, मोहोळच्या पुढं रात्री टायरची साइड फाटली तर पंक्चरवाला उठवून उपयोग नाही.

कागदांचं राहिलं. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८. परिवहनच्या साइटवर चलनं थकलीत का आणि बोजा उतरलाय का ते पैसे देण्याआधी बघायचं. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, आरसी झाली की बघू म्हणून थांबू नका. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, त्यामुळं मी सोलापुरात राहून एमएच-१२ घेऊन फिरतो, आणि सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला पार्किंगवाला पोरगा दरवर्षी मला पुण्याचा पाव्हणा समजून जास्तीचे पैसे मागतो.