इस्त्रीच्या कपड्यांखालचा टाइपरायटर

अमेरिकेत, युटा राज्यातल्या प्रोवोत राहायला आलो तेव्हा पहिली पंचाईत झाली ती चहाची. शेजारच्या आजी घरी भाजलेला पाव घेऊन ओळख करायला आल्या आणि मी सवयीनं आधण ठेवलं. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची माणसं चहा-कॉफीला शिवत नाहीत, हे मला कुठं ठाऊक! शेवटी रत्नागिरीहून आणलेलं कोकम कामी आलं.

चार वर्षं झाली त्याला. कधीमधी मी आजींबरोबर त्यांच्या वॉर्डात जाते. वॉर्ड म्हणजे आसपासच्या गल्ल्यांमधली मंडळी. पगारी पाद्री नाही, बिशपसुद्धा पोटापाण्याला दुसरंच काहीतरी करणारा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सहसा उपवास असतो. दोन जेवणं सोडायची, पाणीही नाही आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. (आपल्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर दाण्याची आमटी असते हे ऐकून आजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.) त्या दिवशी ज्याला वाटेल तो माइकपाशी जाऊन साक्ष देतो. ‘माझी श्रद्धा आहे’ असं तिथं क्वचितच ऐकू येतं. ‘मला ठाऊक आहे,’ असंच म्हणतात. हे चर्च खरं आहे, हे मला ठाऊक आहे. आई कानात सांगेल तसं चार वर्षांचं पोरही तेच म्हणतं.

पण अशा गावात एखादीला नको ते ठाऊक झालं तर? ह्वानिटा ब्रुक्सची गोष्ट मला आजींनीच सांगितली.

हा समाज मुळात लिहिणारा. 1830 साली न्यूयॉर्क राज्यातल्या पामायरात छापलेल्या एका ग्रंथावर सगळा धर्म उभा. रोजनिशी लिहिणं जवळजवळ नित्यकर्मच. 1847 पासून गाड्यांतून नि पायी युटात आलेल्यांच्या डायऱ्या घरोघरच्या ट्रंकांत पडून होत्या. दक्षिणेकडच्या सेंट जॉर्ज गावातली शिक्षिका ब्रुक्स 1930 च्या दशकात त्या गोळा करून टाइप करवून घेत होती. त्याआधी, अगदी तरुणपणी, नेफाय जॉन्सन नावाच्या एका म्हाताऱ्यानं तिला ‘माझं थोडं लिहून घे’ म्हटलं होतं. तिनं ते लांबणीवर टाकलं. ती त्याच्याकडे गेली तेव्हा तो मरणपंथाला लागलेला, भ्रमात ‘रक्त, रक्त!’ ओरडत होता.

तो दक्षिण युटातल्या माउंटन मेडोज या माळरानावर होता. सप्टेंबर 1857 मध्ये आर्कान्सॉहून कॅलिफोर्नियाला निघालेला एक काफिला तिथल्या मॉर्मन शिबंदीनं, काही पायूट आदिवासींना हाताशी धरून, आधी वेढला. मग पांढरं निशाण दाखवून, सुखरूप नेतो म्हणून शस्त्रं खाली ठेवायला लावली आणि मारून टाकला. सुमारे 120 माणसं. 17 लहान मुलं तेवढी वाचली. खापर पायूटांवर फुटलं आणि वीस वर्षांनी एकट्या जॉन डी. लीला गोळ्या घातल्या गेल्या. बाकीचे शेती करत, नातवंडं खेळवत म्हातारे झाले. ब्रुक्स त्यांच्याच गोतावळ्यातली.

ती लिहायची रात्री, नाहीतर घरकामाच्या फटीत. शेजारी इस्त्रीच्या कपड्यांची रास ठेवायची. दार वाजलं की ती टाइपरायटरवर टाकायची. बाई इस्त्री करताना दिसली की कुणी काही विचारत नाही! धोका खरा होता. फॉन ब्रोडीनं 1945 मध्ये धर्मसंस्थापक जोसेफ स्मिथचं चरित्र लिहिलं आणि पुढच्याच वर्षी तिला बहिष्कृत केलं, चुलते चर्चच्या सर्वांत वरच्या तिघांत असूनही. ब्रुक्सचं पुस्तक 1950 मध्ये स्टॅनफर्डनं काढलं. तिला काढलं नाही, पण तिच्याकडे पाठ फिरवणारे कमी नव्हते. ती मात्र चर्चमध्येच राहिली. 1961 मध्ये चर्चनं लीचं सभासदत्व मरणोत्तर परत दिलं. 2007 मध्ये त्या माळरानावर जाहीर खेद व्यक्त केला.

या मधल्या काळात सगळं मवाळ झालं असं समजू नका. 1993 च्या सप्टेंबरात सहा लेखक-अभ्यासकांवर कारवाई झाली. त्यातल्या लव्हिना फील्डिंग अँडरसन बहिष्कारानंतरही वर्षानुवर्षं दर रविवारी आपल्या वॉर्डात जाऊन बसत. मला हे आधी लाचारीचं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. चुलत्यांनी दार लावलं म्हणून घर काही त्यांच्या एकट्याचं होत नाही.

गेल्या जूनमध्ये आजींना घेऊन मी माउंटन मेडोजला गेले. गाडीनं चारेक तास. सेजची झुडपं, दगडांचं स्मारक, वारा. आजी गाडीबाहेर पडल्या, थोडं फिरल्या, काही बोलल्या नाहीत. परतताना म्हणाल्या, ‘ते पुस्तक आमच्या घरी तळघरात होतं, गव्हाच्या डब्यांमागे.’ (हे लोक अडीअडचणीसाठी महिनोन्‌महिन्यांचं धान्य भरून ठेवतात.)

‘वाचलंत?’

‘सोळाव्या वर्षी. पीचच्या बरण्या आणायच्या निमित्तानं रोज पाच-सहा पानं. मिणमिणता दिवा होता तिथं.’

‘आईंना कळलं नाही?’

‘बोलली नाही कधी. पण एक दिवस खाली गेले तर बल्ब बदललेला. चांगला शंभराचा.’