कूलर किती सांगायचा?

कूलर कसा चालतो, असं नागपुरात कुणाला विचारलं तर तो आधी तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. मग सांगतो, पण आपल्याला लागेल तेवढंच. आमच्या आईचा कूलर एका वाक्यात मावतो: "टाकीत पाणी ठेवा अन् समोरचं दार जरासं उघडं." एवढ्यावर अख्खा मे निघतो, नवतपाच्या रणरणत्या नऊ दिवसांसकट. पंप कुठं बसवलाय हे तिला ठाऊक नाही, आणि त्यावाचून अडतही नाही.

मिस्त्री येतो तो हवा थंड येईनाशी झाल्यावर. बाजूची ताटी, म्हणजे जिच्यावरून पाणी झिरपतं अन् जिच्यातून हवा आत येते ती, काढून तो उन्हात धरतो. मधोमध वीतभर रुंदीचा कोरडाठक्क पट्टा. "पाणीच उतरून नाही राह्यलं, भाऊ." वरच्या पन्हळीची भोकं बोअरच्या पाण्यातल्या क्षारानं पांढरीफटक होऊन बुजलेली असतात. खिळ्यानं एकेक भोक मोकळं करताना तो पंप, कपॅसिटर, पात्याचा आवाज असं सगळं सांगतो. पण हाच कूलर जुलैत चिकचिक का करतो, याला त्याचं उत्तर एकच: "पावसाळा हाय ना."

त्यासाठी भौतिकशास्त्राकडे जावं लागतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता ओढली जाते आणि ती हवेतूनच जाते. बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर 23-24 वर येतो. कूलर त्याच्याखाली जाऊ शकत नाही, पण तेवढं पुष्कळ झालं. जुलैत 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला तोच थर्मामीटर जेमतेम 29 पर्यंत उतरतो. मग कूलर तरी काय करणार? हे गणित मला फार आवडतं. मात्र कुठलं भोक बुजलंय, हे त्यातून सात जन्मांत कळायचं नाही.

पावसाळ्यात महापालिकेचा माणूस येतो. त्याला ताटी, पंप, आर्द्रता कशाशीच देणंघेणं नसतं. त्याच्या लेखी कूलर म्हणजे साचलेलं स्वच्छ पाणी, डेंग्यूच्या डासाचं माहेरघर. टॉर्च टाकीत मारून तो म्हणतो, "आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करा, काकू."

आई म्हणते, "कोरडी केली तर चालेल कसा, बाप्पा?"