लासालच्या मागावर: डेट्रॉइट ते हिकरी कॉर्नर्स

मिशिगन राज्यात मोटारींचा इतिहास पाहायला येणारे बहुतेक प्रवासी डिअरबॉर्नचे हेन्री फोर्ड संग्रहालय पाहून परततात, आणि ते संग्रहालय तितके मोलाचे आहेच. मला मात्र या खेपेस एकाच गाडीचा माग काढायचा होता. जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागाने १९२७ ते १९४० या काळात बनवलेली लासाल ही ती गाडी. त्याच कंपनीच्या ब्यूकपेक्षा महाग, कॅडिलॅकपेक्षा स्वस्त, आणि ऐन बहरात असताना बंद केली गेलेली. तिचे नाव आजही अयशस्वी गाड्यांच्या यादीत घेतले जाते. तो तिच्यावरचा अन्याय आहे असे माझे मत वाचनातून झाले होते, आणि हा प्रवास संपेपर्यंत ते अधिकच पक्के झाले.

सुरुवात डेट्रॉइटमधील वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरून केली. वास्तुविशारद अल्बर्ट कान यांनी उभारलेली जनरल मोटर्सची जुनी मुख्य कचेरी येथे आहे. आता तीत राज्य सरकारची कार्यालये असून तिचे नाव कॅडिलॅक प्लेस असे आहे. तळमजल्यावरच्या कमानदार छताच्या लांब दालनातून चालताना, विसाव्या शतकातल्या अमेरिकी उद्योगाचे केवढे निर्णय या भिंतींच्या आत झाले असतील, याची जाणीव सतत होत राहते. १९२३ मध्ये कंपनीच्या अध्यक्षपदी आलेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी गाड्यांच्या किमतींची एक शिडी मनाशी आखली होती. ग्राहकाने शेवरोलेपासून सुरुवात करावी, मिळकत वाढेल तसा एकेक पायरी वर चढावा, आणि त्याने पैसा दुसऱ्या कंपनीकडे कधीच नेऊ नये, असा त्यामागचा विचार होता. या शिडीत सर्वांत वरच्या दोन पायऱ्यांमध्ये जवळजवळ हजार डॉलरचे अंतर पडले होते. सर्वांत महागडी ब्यूक दोन हजारांच्या आसपास मिळे आणि कॅडिलॅक तीन हजारांच्या घरात सुरू होई. ब्यूक सोडून वर जाऊ पाहणारा माणूस या मधल्या पोकळीत पॅकार्ड या प्रतिस्पर्धी कंपनीच्या हाती लागत असे. ही पोकळी बुजवण्यासाठी सुमारे अडीच हजार डॉलर किमतीची लासाल जन्माला आली.

त्या काळी गाडीचे रूप अभियंते ठरवत. इंजिन, सांगाडा, चाके आणि बसण्याची जागा यांची मांडणी झाली की वर जे पत्र्याचे खोके उभे राही, तेच गाडीचे रूप. कॅडिलॅक विभागाचे प्रमुख लॉरेन्स फिशर यांना लासालसाठी काही निराळे हवे होते. कॅलिफोर्नियात त्यांनी हार्ले अर्ल या तरुणाचे काम पाहिले होते. हॉलीवूडमध्ये वडिलांच्या बग्ग्या बांधण्याच्या कारखान्यात वाढलेला अर्ल चित्रपटतारकांसाठी खास गाड्या घडवत असे, आणि तो नमुने मातीत घडवत असे. पत्रा ठोकून किंवा लाकूड कोरून जे वळण सहज साधत नाही, ते ओल्या मातीत बोटांनी साधते, आणि मनाजोगते झाले नाही तर पुसून पुन्हा करता येते. १९२६ मध्ये फिशर यांनी त्याला डेट्रॉइटला बोलावले.

अर्लने समोर आदर्श ठेवला तो युरोपातील इस्पानो-सुइझा या गाडीचा, आणि हे ऋण त्याने कधी लपवले नाही. लांब बॉनेट, वाहती मडगार्ड, चाकांपासून टपापर्यंत एकसंध वाटणारी रेषा, आणि त्यावर झटपट वाळणाऱ्या ड्युको या नव्या लॅकरचे उजळ रंग, असे रूप घेऊन मार्च १९२७ मध्ये लासाल बाजारात आली. आत ३०३ घन इंचांचे, म्हणजे जवळपास पाच लिटरचे, आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन होते आणि त्याची ताकद ७५ अश्वशक्ती होती. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाडीचे संपूर्ण रूप आरंभापासून एका रूपकाराच्या हातून घडावे, ही अमेरिकेतील पहिली मोठी घटना मानली जाते. त्याच वर्षी स्लोन यांनी अर्लच्या हाताखाली 'आर्ट अँड कलर' हा स्वतंत्र विभाग उघडला. अर्ल १९५८ पर्यंत जनरल मोटर्समध्ये राहिला, आणि त्या तीन दशकांतल्या कंपनीच्या जवळजवळ प्रत्येक गाडीवर त्याची छाप आहे. त्या साऱ्याचा उगम लासालमध्ये आहे, एवढे एकच कारण तिची आठवण ठेवायला मला पुरेसे वाटते.

शहरातून निघून मी आय-९४ हा महामार्ग पश्चिमेला धरला. या रस्त्याचा गाडीच्या नावाशी जुना संबंध आहे. डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्यावरून कॅडिलॅकचे नाव पडले, तर लासालचे नाव रेने-रोबेर काव्हलिये द ला साल या फ्रेंच शोधकावरून. १६८० च्या वसंतात, ग्रिफॉन हे त्याचे जहाज परतले नाही म्हणून, हा माणूस मोजक्या सोबत्यांसह दक्षिण मिशिगन पायी ओलांडून डेट्रॉइट नदीपर्यंत आला होता. आज ॲन आर्बर, जॅक्सन, बॅटल क्रीक अशी गावे मागे टाकत गाडीने काही तासांत संपणारा हा प्रदेश तेव्हा दलदलीचा आणि घनदाट झाडीचा होता, हे खिडकीबाहेरची मक्याची सपाट शेते पाहताना खरे वाटत नाही.

वाटेत उत्तरेला मिलफर्ड लागते. जनरल मोटर्सचे १९२४ पासूनचे चाचणी-मैदान तिथे आहे. ते सर्वांसाठी खुले नसल्याने मी थांबलो नाही. मात्र लासालच्या कथेत त्याला मानाचे स्थान आहे. जून १९२७ मध्ये बिल रेडर या चालकाने मडगार्ड आणि पुढची काच काढून हलकी केलेली लासाल तिथे ९५० मैलांहून अधिक अंतर ताशी सरासरी ९५ मैलांच्या वेगाने पळवली आणि तेलाच्या यंत्रणेत बिघाड झाला तेव्हाच थांबला. त्याच वर्षीची इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत खास शर्यतीसाठी बांधलेल्या ड्यूझेनबर्गने ताशी सरासरी ९७.५ मैलांनी जिंकली होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लासालचे इंजिन काय दर्जाचे होते ते कळते.

हिकरी कॉर्नर्स हे कलामाझूच्या ईशान्येला असलेले अगदी लहान गाव. गावाबाहेर ९० एकरांवर गिलमोर मोटार संग्रहालय पसरले आहे. लाल रंगाची जुनी कोठारे आणि त्यांच्या मधून जाणारे वळणदार रस्ते असे त्याचे स्वरूप आहे. कॅडिलॅक-लासाल क्लबची इमारत याच आवारात आहे. ती १९४० च्या दशकातील विक्रीदालनाच्या धर्तीवर बांधली असल्याने गाड्या काचेआडच्या वस्तूंसारख्या वाटत नाहीत; आपण त्या घ्यायलाच आलो आहोत असे वाटते. तिथल्या वयोवृद्ध स्वयंसेवकाने माझा रस ओळखून प्रत्येक गाडीपाशी नेऊन बारकावे दाखवले. त्यांच्या बोलण्यातली आस्था मी विसरणार नाही.

मला सर्वाधिक वेळ काढायचा होता तो १९३४ च्या लासालविषयी समजून घेण्यात. मंदीने कंबरडे मोडले होते. १९३२ आणि १९३३ या दोन्ही वर्षांत साडेतीन हजारांहूनही कमी लासाल विकल्या गेल्या, आणि कंपनी ती बंद करण्याच्या विचारात होती. अर्लने तयार केलेला नवा नमुना वरिष्ठांनी पाहिला आणि विचार बदलला, अशी हकिकत सांगितली जाते. तो नमुना पाहिला की ती पटते. उंच, निमुळती, जेमतेम वीतभर वाटणारी ग्रिल, म्हणजे पुढची जाळी. दोन्ही बाजूंना थेंबाच्या आकाराचे दिवे. बॉनेटच्या कडेला हवेसाठी गोल गवाक्षे. विमानाच्या दुहेरी पंखांसारखे दोन पट्ट्यांचे बंपर. कुठेही उधळपट्टी नाही, आणि तरी नजर हलत नाही. किंमत उतरवून १,५९५ डॉलर केली होती, त्यासाठी व्ही-८ ऐवजी जनरल मोटर्सच्याच ओल्ड्समोबील गाडीवर बेतलेले सरळ रांगेतील आठ सिलिंडरचे इंजिन घालावे लागले. काही जाणकार या तडजोडीला नावे ठेवतात. मला ती रास्त वाटते, कारण त्याच गाडीत हायड्रॉलिक ब्रेक आणि पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे हादरे झेलणारी यंत्रणा, आले होते, म्हणजे पैसा जिथे प्रवाशाच्या उपयोगी पडतो तिथे वाचवलेला नव्हता. त्या वर्षी इंडियानापोलिसच्या शर्यतीत आरंभी स्पर्धकांच्या पुढे धावणारी मानाची गाडी (पेस कार) लासालच होती.

पण १९३५ मध्ये पॅकार्डने वन-ट्वेंटी ही गाडी हजार डॉलरच्या आसपास आणली. पॅकार्डचे नाव त्या किमतीत मिळते म्हटल्यावर लोक तिकडे धावले. लासालने १९३७ मध्ये पुन्हा व्ही-८ इंजिन घेतले, १२५ अश्वशक्तीचे, आणि सुमारे ३२ हजार गाड्या विकून आपला उच्चांक गाठला. तरी वन-ट्वेंटी त्या वर्षीही पुढेच राहिली.

आणि इथेच माझा प्रचलित मताशी मतभेद आहे. १९४० मध्ये, म्हणजे शेवटच्या वर्षी, लासाल २४ हजारांच्या आसपास विकली गेली, तर कॅडिलॅक नावाच्या गाड्या त्याहून कितीतरी कमी. जिला ग्राहक होते तीच बंद झाली. १९४१ साठी लासालचे नमुनेही तयार होते, परंतु कंपनीने त्याच किंमतपट्ट्यात कॅडिलॅकची सिरीज ६१ उतरवली आणि त्या वर्षी कॅडिलॅकची विक्री ६६ हजारांवर गेली. लासालने दाखवून दिले होते की मधल्या किमतीला मागणी आहे. ते शिकून घेतल्यावर घरच्याच थोरल्या नावाने ती जागा घेतली. व्यवसायाच्या दृष्टीने निर्णय बिनचूक होता. पॅकार्डने मात्र आपले मोठे नाव स्वस्त गाडीला देऊन जी वाट धरली, तिने पुढे त्या नावाची प्रतिष्ठाच झिजली. डेट्रॉइटच्या ईस्ट ग्रँड बुलेवार्डवरचा पॅकार्डचा कारखाना, तोही अल्बर्ट कान यांचाच, आता बहुतांशी पाडला गेला आहे.

जनरल मोटर्सच्या १९५५ च्या मोटोरामा प्रदर्शनात लासाल-२ नावाच्या दोन प्रायोगिक गाड्या झळकल्या होत्या. प्रदर्शनानंतर त्या मोडीत काढण्याचा आदेश निघाला, तरी भंगाराच्या आवारात त्या तगून राहिल्या आणि अनेक दशकांनी एका संग्राहकाने त्या वाचवल्या.

हिकरी कॉर्नर्सला जायचे तर स्वतःची गाडी हवीच, कारण तिथे दुसरे वाहन पोहोचत नाही. सकाळी लवकर पोहोचावे, आधी कॅडिलॅक-लासालची इमारत पाहावी, कोठारे नंतर. १९३४ ची गाडी मांडलेली असेल तर समोरून पाहून झाल्यावर एका बाजूला थोडे खाली वाकून बॉनेटची रेषा डोळ्यांच्या पातळीवरून अवश्य पाहावी.