व्हीलचेअरसह लालबाग ते अलिबाग: गाडी ठरवण्यापूर्वी तिचा तळ तपासा

लालबागहून अलिबागला जाण्यासाठी आम्ही या फेब्रुवारीत प्रथमच व्हीलचेअरकरिता बदल केलेली व्हॅन भाड्याने घेतली. गाडीवाल्याने पाठवलेल्या छायाचित्रांत मागचा रॅम्प आणि उंच केलेले छप्पर एवढेच दिसत होते. ‘चारही बाजूंनी लॉक आहे’ या त्याच्या शब्दावर विसंबून मी आगाऊ पैसे भरले. माझ्या थोरल्या भावाला मणक्याच्या दुखापतीमुळे छातीखाली संवेदना नाही आणि धक्का बसल्यावर स्वतःचे धड सावरता येत नाही, हे मी फोनवर दोनदा सांगितले होते.

प्रत्यक्षात खुर्ची बांधण्याच्या पट्ट्यांचे पुढचे दोन आकडे (हुक) खुर्चीच्या फूटरेस्टला अडकवले गेले आणि मागे चाकाच्या आऱ्यांतून नायलॉनची दोरी ओवली गेली. मी हरकत घेतली, तेव्हा चालक म्हणाला, ‘‘ताई, रोज असंच नेतो, काही होत नाही.’’ उशीर होत होता म्हणून मी गप्प बसले. तुम्ही बसू नका. तिथेच गाडी परत पाठवा.

शिवडी ते चिर्ले हा अटल सेतूचा 21.8 किलोमीटरचा टप्पा सुरळीत पार पडला. (सेतूवर दुचाकी आणि तीनचाकींना बंदी असल्याने बाजूची चाके लावलेल्या स्कूटरवरून येणाऱ्यांनी हा मार्ग धरू नये.) खरा त्रास वडखळनंतर सुरू झाला. पोयनाडच्या अलीकडे चालकाने गतिरोधक उशिरा पाहून करकचून ब्रेक दाबला, त्याबरोबर एक फूटरेस्ट खोबणीतून निसटले, खुर्ची वीतभर पुढे सरकली आणि दादा कमरेतून दुमडून पुढच्या सीटच्या पाठीवर आदळला. त्याला स्वतःहून सरळ होता येईना. गाडी थांबेपर्यंत मी त्याचे खांदे धरून राहिले. तिथून कार्ले खिंड ओलांडून अलिबाग येईपर्यंत माझी पकड सुटली नाही.

उतरल्यावर मी गाडीचा तळ नीट पाहिला. आकड्यांच्या कड्या नुसत्या पत्र्यावर लहान वॉशर लावून बोल्टने बसवल्या होत्या आणि एका बोल्टभोवतीचा पत्रा वर उचलला गेला होता. कड्या चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या मूळ लोखंडी सांगाड्याच्या, आडव्या पट्टीला, निदान पत्र्याखाली जाड लोखंडी पाटी देऊन, बसवलेल्या हव्यात. खुर्ची तोंड पुढे करून, पुढून दोन आणि मागून दोन पट्ट्यांनी, तिच्या वेल्डिंग केलेल्या मुख्य सांगाड्याला बांधावी. चाके, हात आणि फूटरेस्ट यांना आकडा कधीही लावू देऊ नये. माणसासाठी गाडीला जोडलेला स्वतंत्र त्रिबिंदू पट्टा (खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा) लागतो, कारण खुर्चीचा स्वतःचा कमरपट्टा केवळ बसण्याची ठेवण राखण्यासाठी असतो. गाडीचा पट्टा खुर्चीच्या हातावरून न घेता आतून, कमरेच्या हाडांवर खाली बसला पाहिजे. आमचा पट्टा पोटावर होता, आणि दादाला संवेदना नसल्याने तिथे उमटलेला लाल वळ संध्याकाळी कपडे बदलतानाच दिसला. प्रवासात दर तासाला पट्ट्याखालची त्वचा पाहावी.

गाडीतील असा बदल मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली येतो आणि त्याची नोंद आरसी बुकात असावी लागते. आमच्या चालकाला आरसी मागितल्यावर त्याने विषय बदलला. ठरवतानाच आरसीचे आणि तळातील कड्यांचे जवळून काढलेले छायाचित्र मागवा. टाळाटाळ झाली तर तो व्यवहार तिथेच सोडा.

भाडे 6,500 रुपये ठरले होते, घेतले 9,200. ‘रॅम्प चार्ज’ आणि ‘हेल्पर चार्ज’ वेगळे लावले गेले. हेल्पर म्हणून कोणीही आले नव्हते. दोन फूट उंचीवर अवघ्या पाच फुटांच्या रॅम्पवरून खुर्ची चढवायला मी आणि आमच्या इमारतीचा पहारेकरी होतो. इतक्या तीव्र चढावर एकट्याने ढकलू नये.

अलिबागचे दोन दिवस छान गेले. परतीसाठी आम्ही साधी मोटार घेतली. दादाला सरकफळीवरून (खुर्चीतून सीटवर बसल्याबसल्या सरकण्याची फळी) पुढच्या सीटवर घ्यायला वीस मिनिटे लागली, त्याला गाडीचाच पट्टा नीट लागला आणि घडी केलेली खुर्ची डिकीत बांधली. ज्यांना सीटवर बदलून बसता येते त्यांनी हेच करावे. वडखळपर्यंतच्या त्याच रस्त्यावर दादाला झोप लागली.