अरेझोचा बाजार: खण उपसल्याशिवाय पैसे देऊ नका

इटलीतल्या अरेझो शहराच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात माझे ४०० युरो बुडाले. तुमचे बुडू नयेत म्हणून हे लिहितोय.

१९६८ पासून हा बाजार महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि त्याच्या आदल्या शनिवारी भरतो. फ्लोरेन्सचे दोन दिवस छान गेले, तिथून रेल्वेने तासाभरात पोचलो. स्टेशनपासून पियात्सा ग्रांदे या बाजाराच्या चौकापर्यंत चढ, चौकही उतरता. सामान घेऊन परतताना त्या दगडी फरशीवर गुडघ्यांचं पार भुस्कट पडलं.

घेतलं ते आक्रोडाच्या व्हिनियरचं, म्हणजे साध्या लाकडावर आक्रोडाचा पातळ थर चिकटवलेलं, दोन खणांचं छोटं कपाट. 'सेत्तेचेन्तो?' म्हणजे अठराव्या शतकातलं का, असं विचारलं. विक्रेत्याने मान डोलावली आणि पावतीवर लिहिलं 'इन स्तीले'. म्हणजे फक्त त्या धाटणीचं! खरोखर त्या काळातलं असेल तर 'देपोका' लिहितात. तो शब्द पावतीवर आलाच पाहिजे.

खोलीवर येऊन खण उपसला. व्हिनियर कागदासारखं पातळ, तळाला प्लायवूड, सगळे सांधे एका मापाचे. हाताने करवतलेलं जुनं व्हिनियर चांगलं दीड-दोन मिलिमीटर जाड असतं, तेही कमीजास्त. जुन्या कपाटात आत पॉप्लर किंवा देवदाराच्या जातीच्या साध्या फळ्या असतात. खालून बोट फिरवलं की रंध्याच्या लाटा लागतात. माझ्या कपाटावरच्या किड्यांच्या भोकांत सुई घातली, तर प्रत्येकात सरळ आणि सारखीच खोल गेली. किडा असा सरळ जात नाही, वळणं घेतो. ही भोकं ड्रिलची.

दुसऱ्या दिवशी चिडूनच मिलानला गेलो आणि स्फोर्झा किल्ल्यातल्या संग्रहालयात जुझेप्पे माज्जोलिनी (१७३८–१८१४) यांच्या कामासमोर राग कुठल्या कुठे गेला. मिलानजवळच्या पाराबियागोचा हा कारागीर लाकडाचे रंगीत तुकडे जोडून फर्निचरवर चित्रं उभी करायचा. ८६ जातींची लाकडं वापरली म्हणतात, बहुतेक त्यांच्या मूळ रंगातच. लाकडाच्या पाकळ्या पाहा. अशा कामात पाकळीची कड तापलेल्या वाळूत धरून करपवतात, तीच तिची सावली. मग सरसाने चिकटवतात. मी तासभर हललो नाही.

म्हणून आधी मिलान, मगच अरेझो. खरं काम एकदा डोळ्यांत बसलं की नकली लगेच खटकतं. सत्तर वर्षांहून जुनी वस्तू इटलीबाहेर न्यायला सरकारी कागदपत्रं लागतात. ती कोण करणार, हे पैसे देण्याआधी ठरवा. विजेरी आणि सुई खिशात ठेवा. खण उपसू न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.